दोन बेटांचा ताळेबंद : पणजीतल्या सहा शनिवारांच्या एका अभ्यासक्रमाविषयी

अमेरिकेतील क्यूबन आणि पोर्तो रिकन समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना शिकवणारा अभ्यासक्रम पणजीत निघाला आहे आणि बावीस माणसे पदरचे पैसे भरून त्याला बसली आहेत, असे मला वर्षापूर्वी कोणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. मी स्वतः त्या बावीस जणांपैकी एक होतो. एका सहकारी बँकेत एकतीस वर्षे, त्यांतली बरीचशी कर्ज विभागात, काढून मी निवृत्त झालो असल्यामुळे माणसांची आर्थिक कुवत कागदावरून कशी ओळखावी, हा प्रश्न मला जुना आहे. तो एका अनोळखी मुलखाच्या आकड्यांवर कसा सोडवतात, हे पाहण्याच्या उत्सुकतेने मी ३,५०० रुपये भरले. ते वाया गेले नाहीत, परंतु पुरते वसूल झाले असेही मला म्हणता येणार नाही, आणि हा अभिप्राय त्या दोहोंमधल्या अंतराविषयी आहे.

संस्था खाजगी आहे आणि तिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. वर्ग सहा शनिवार, प्रत्येकी अडीच तास, पाटो भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भरत असे. फोंड्याहून येणाऱ्या माझ्यासारख्याला कदंब बसस्थानकावरून चालत पाच मिनिटांत पोहोचता येते, ही मोठीच सोय होती. खोलीत बारा संगणक होते, म्हणजे दोघांत एक. चहा मिळत असे, पण तो मध्यंतराऐवजी वर्ग सुटताना. शिकवणाऱ्या प्राध्यापिका स्वच्छ मराठीत बोलत आणि अडलेल्या ठिकाणी कोकणीत समजावून देत. पडद्यावरचा मजकूर मात्र सगळा इंग्रजीत होता आणि टिपणेही तशीच होती. मराठी माध्यमाचा अभ्यासक्रम म्हणून जाहिरात करणाऱ्या संस्थेने निदान टिपणांचे भाषांतर तरी करून घ्यायला हवे होते.

विषयाची निवड चांगली होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ही दोन्ही कॅरिबियन बेटे स्पेनची वसाहत होती, दोन्हीकडची भाषा स्पॅनिश, धर्माचा वारसा कॅथलिक, पीक ऊस, आणि १८९८ च्या युद्धानंतर दोन्ही एकाच वेळी स्पेनच्या हातून सुटली. एवढे साम्य असल्यामुळे पुढचा फरक उठून दिसतो. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २०२१ च्या सुमारास पोर्तो रिकन वंशाचे सुमारे ५८ लाख आणि क्यूबन वंशाचे सुमारे २४ लाख लोक राहत होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे प्रमाण गेली अनेक दशके पोर्तो रिकनांमध्ये अधिक राहिले आहे. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारी क्यूबन कुटुंबे निम्म्याहून अधिक आहेत, तर पोर्तो रिकन कुटुंबांमध्ये ते प्रमाण दहांत चाराच्या आसपास आहे. गंमत अशी की, यांतले जे पुढे गेले त्यांना अमेरिकेत पाऊल ठेवण्याचा कोणताही जन्मसिद्ध हक्क नव्हता, आणि जे मागे राहिले ते, त्यांचे बेट अमेरिकेच्याच ताब्यात असल्यामुळे, १९१७ पासून जन्मतःच अमेरिकेचे नागरिक आहेत.

गोव्यातल्या वर्गासमोर हे वाक्य उच्चारले की काय होते, याची संस्थेला कल्पना नसावी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्यामुळे पासपोर्ट या वस्तूभोवती आमच्याकडे घराघरांत चर्चा चालते. त्या पासपोर्टावर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला कोणी ना कोणी प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. माझ्या मागच्या बाकावरच्या एका वयस्क बाई मोठ्याने म्हणाल्या, "पासपोर्ट आसा म्हण घर जाता?" (पासपोर्ट आहे म्हणून घर होते का?) वर्ग हसला, पण सहा शनिवारांतला सर्वांत नेमका प्रश्न तोच होता. पोर्तो रिकोच्या नावातही आमची थोडी गुंतवणूक निघाली. स्पॅनिशमध्ये त्या बेटाला 'प्वेर्तो रिको' म्हणतात, त्याऐवजी अमेरिकी सरकारने १९३२ पर्यंत कागदोपत्री 'पोर्तो रिको' हेच रूप चालवले, आणि ते पोर्तुगीज वळणाचे आहे. आम्ही तेवढ्यापुरते खूश झालो.

पहिल्या दोन शनिवारी इतिहास झाला आणि तो उत्तम झाला. १ जानेवारी १९५९ ला क्यूबाची राजधानी हवानामध्ये फिडेल कास्त्रो यांच्या क्रांतीने सत्तापालट झाल्यानंतर जे पहिल्यांदा निघाले ते जमीनदार, कारखानदार, वकील, डॉक्टर आणि बँकवाले होते. मालमत्ता मागे ठेवून आलेले असले तरी शिक्षण, हिशेबाची सवय आणि एकमेकांच्या ओळखी त्यांना मागे ठेवता आल्या नाहीत. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत साम्यवादी राजवटीतून पळून आलेला प्रत्येक डॉक्टर वॉशिंग्टनला प्रचाराच्या दृष्टीने मोलाचा वाटत होता. म्हणून १९६१ मध्ये क्यूबन निर्वासितांसाठी स्वतंत्र संघीय कार्यक्रम सुरू झाला. त्यातून रोख मदत, औषधोपचार, इंग्रजीचे वर्ग, विद्यार्थ्यांना कर्जे आणि व्यावसायिकांना नव्याने परवाना मिळवण्यासाठी प्रशिक्षण देण्यात आले. १९६५ ते १९७३ या काळात क्यूबातल्या वारादेरोहून फ्लोरिडातल्या मायामीला चाललेल्या विमानफेऱ्यांनी अडीच लाखांहून अधिक लोक आणले, आणि १९६६ च्या कायद्याने क्यूबनांना कायम वास्तव्याची अशी वाट मोकळी करून दिली जी अन्य कोणत्याही लॅटिन अमेरिकी देशाच्या नागरिकांना मिळाली नाही.

पोर्तो रिकनांची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. १९४७ पासून बेटावर कारखानदारी आणण्याची मोठी योजना राबवली गेली. उसाची शेती मोडली, परंतु शेतीतून सुटलेल्या सगळ्या हातांना पुरेल एवढे काम कारखान्यांत निर्माण झाले नाही, आणि १९५० च्या दशकात चार लाखांहून अधिक लोक बेट सोडून मुख्यतः न्यूयॉर्कला गेले. ते बहुतांशी शेतमजूर आणि कष्टकरी होते. विमानाचे तिकीट स्वस्त होते आणि व्हिसा लागत नव्हता, म्हणून गरिबालाही जाता आले. नागरिकत्वाचा हा परिणाम वर्गात फार नेटकेपणे मांडला गेला: दार सताड उघडे असले की त्यातून सगळ्या थरांतली माणसे येतात, आणि दार अवघड असले की आधी ऐपतवाले येतात. न्यूयॉर्कमधल्या ईस्ट हार्लेम आणि साउथ ब्राँक्स या वस्त्यांतल्या त्या माणसांना कपड्यांच्या कारखान्यांत काम मिळाले, पण त्यांची मुले हाताशी येईपर्यंत ते कारखानेच उठून गेले. १९६९ ते १९७७ या आठ वर्षांत न्यूयॉर्क शहराने सहा लाखांहून अधिक नोकऱ्या गमावल्या. नागरिक असल्यामुळे त्यांना निर्वासितांची मदत मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या शनिवारचा शेवटचा पाऊण तास मी विसरणार नाही. मायामीतल्या काही बँकांनी १९६० च्या दशकात हवानातून आलेल्या जुन्या बँक अधिकाऱ्यांना नोकरीवर घेतले, आणि या अधिकाऱ्यांनी आपल्याच निर्वासित बांधवांना तारणाशिवाय छोटी कर्जे देण्यास सुरुवात केली. आधार एकच, की हा मनुष्य हवानात कसा धंदा करत होता आणि शब्दाला जागत होता की नाही, हे कर्ज देणाऱ्याला ठाऊक होते. 'चारित्र्य कर्जे' असे त्यांना म्हटले जात असे. शिलाईची दुकाने, किराणा, बांधकामाचे ठेके, औषधांची दुकाने अशा कर्जांवर उभी राहिली. समाजशास्त्रज्ञ अलेहांद्रो पोर्तेस यांनी ज्याला वस्तीची बंदिस्त अर्थव्यवस्था म्हटले, म्हणजे मालक, मजूर, पुरवठादार आणि गिऱ्हाईक सगळे एकाच समाजाचे, ती लिटल हवाना आणि हायलिया या भागांत अशा भांडवलावर वाढली.

ज्याने कर्जाच्या फायली हाताळल्या आहेत त्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आमच्याकडे अर्जदार आला की सात-बाराचा नाही तर गोव्यातल्या एक-चौदाचा उतारा, दोन जामीनदार, पगाराचा दाखला, सगळे बघायचे. पण शाखा व्यवस्थापक गावातलाच असला की एखाद्या दुकानदाराच्या बाबतीत तो कागद मिटवून सही करायचा, कारण त्याचा बाप त्याने पाहिलेला असायचा. बाहेरून येऊन दुकान टाकणारा, कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या वाट्याला हे यायचे नाही. त्यात त्या व्यवस्थापकाचा द्वेष नसायचा. त्याची माहिती तेथे संपायची, इतकेच. मायामीतही तेच घडले. १९७० च्या दशकात जे नवे लोक उतरू लागले त्यांना ओळखणारे त्या बँकांत कोणी उरले नाही आणि ही कर्जे बंद पडली. क्यूबन समाजाच्या भरभराटीचे श्रेय ज्या गुणांना नेहमी दिले जाते ते गुण १९७३ नंतर आलेल्या क्यूबनांतही असणारच, पण त्यांच्यासाठी सही करणारा माणूस नव्हता. एवढा एक धडा मला मिळाला म्हणून मी ही फी निम्मी तरी वसूल झाली असे धरतो.

आता तक्रारीकडे येतो. तिसऱ्या शनिवारी आकडे सुरू झाले आणि अभ्यासक्रमाची पकड सैल झाली. पडद्यावर दोन खांब आले, एक उंच आणि एक बुटका, आणि त्याखाली कुटुंबाचे मध्यक उत्पन्न, म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात ते, लिहिलेले होते. त्यावरून चर्चा थेट 'उद्यमशीलते'वर गेली. आदल्याच आठवड्यात ज्यांनी निर्वासित मदत आणि चारित्र्य कर्जे इतकी सुंदर समजावून दिली होती त्यांनीच क्यूबनांच्या स्वभावाला श्रेय द्यावे, हे मला चमत्कारिक वाटले. त्याहून मोठी चूक वयाची होती. अमेरिकेतील क्यूबन वंशाच्या लोकांचे मध्यक वय चाळिशीच्या आसपास आहे आणि पोर्तो रिकन वंशाच्या लोकांचे तिशीच्या आसपास. पंचेचाळिशीतला माणूस तिशीतल्यापेक्षा अधिक कमावतो आणि त्याचे घर घेऊन झालेले असते, हे कोणत्याही समाजात खरे आहे, त्यामुळे वयानुसार गट पाडल्याशिवाय केलेली तुलना ही वडिलांची आणि मुलाची तुलना ठरते. मी हे विचारले तेव्हा "ते पुढे येणार आहे" असे उत्तर मिळाले. ते पुढे आले नाही.

टिपणांतला एक तक्ता तर सरळ सदोष होता. त्याचा एक स्तंभ एका वर्षाचा आणि शेजारचा स्तंभ त्यानंतर कित्येक वर्षांनी घेतलेल्या पाहणीचा होता, आणि दोन्हींतली रक्कम त्या त्या वर्षीच्या डॉलरमध्ये होती. महागाईचा हिशेब न करता दोन वर्षांची उत्पन्ने शेजारी मांडणाऱ्या कारकुनाला आमच्या शाखेत ती शीट परत मिळाली असती. प्राध्यापिकाबाईंनी चूक लगेच मान्य केली, हा त्यांचा मोठेपणा. परंतु सुधारित पान शेवटपर्यंत हाती आले नाही.

दारिद्र्यरेषेचा भाग चौथ्या शनिवारी झाला आणि तेथे गाडी पुन्हा रुळावर आली. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा मॉली ओर्शान्स्की यांनी १९६० च्या दशकात आखलेल्या पद्धतीवर चालते: किमान आहाराचा खर्च घ्यायचा आणि तीनने गुणायचे. त्या काळी कुटुंबाचा सुमारे एक तृतीयांश खर्च अन्नावर होत असे, म्हणून तीन. आज घरभाडे हा खरा बोजा आहे आणि ही रेषा मात्र मायामीला आणि अलाबामातल्या खेड्याला सारखीच लागू होते. शासकीय योजनांसाठी वापरली जाणारी मर्यादा २०२४ मध्ये चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ३१,२०० डॉलर होती, आणि ती अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांत एकच आहे. २०११ पासून प्रसिद्ध होणारे पूरक मापन मात्र त्या त्या भागातील घरखर्च, सरकारी मदत, कर आणि औषधोपचाराचा खर्च विचारात घेते, शिवाय भाडेकरू, गृहकर्ज फेडणारा आणि कर्जमुक्त घरमालक यांच्यासाठी वेगळ्या रेषा ठेवते. क्यूबन समाजाचे सुमारे दोन तृतीयांश लोक फ्लोरिडात आहेत, आणि मायामीतली भाडी सोसणाऱ्या कुटुंबाची खरी ओढाताण जुन्या रेषेत दिसतच नाही. कोणते माप लावले यावर दोन समाजांतले अंतर कमीजास्त होते, हे आम्ही स्वतः तक्ते काढून पाहिले. अमेरिकेच्या जनगणना खात्याचे तक्ते कोणालाही फुकट पाहता येतात, आणि एकदा सवय झाली की वंश, वय, राज्य असे गाळप लावणे अवघड जात नाही. आमच्या संगणकाच्या जोडीत मी माऊस धरत होतो आणि शेजारचे मडगावचे गृहस्थ, 'आता कर्जमुक्त घरमालक लावून बघा', 'आता फक्त पासष्टच्या वरचे', अशा सूचना देत होते. अडीच तास कसे गेले ते कळले नाही.

पाचव्या शनिवारी दोन्ही समाजांच्या आतली फाटाफूट शिकवली गेली, आणि खरे तर अभ्यासक्रमाची सुरुवात येथून व्हायला हवी होती. १९८० मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्यूबन आले. त्यांत कामगार आणि कृष्णवर्णीय यांचे प्रमाण आधीच्यांपेक्षा बरेच जास्त होते, आणि त्यांना त्यांच्याच जुन्या बांधवांनी दुरून नमस्कार केला. मायामीतील काम करणाऱ्यांची संख्या एका फटक्यात सुमारे सात टक्क्यांनी वाढूनही मजुरीवर फारसा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये काढला, आणि श्रमबाजारावरील त्यांच्या अशा कामाबद्दल त्यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कमी शिकलेल्यांची मजुरी घसरली होती असे सांगून हा निष्कर्ष खोडू पाहणारे जॉर्ज बोर्हास हे स्वतः हवानात जन्मलेले निर्वासित आहेत, हा तपशील बाईंनी जाता जाता सांगितला आणि वर्गातला कंटाळा एकदम उडाला. पुढे १९९४ मध्ये तराफ्यांवरून पस्तीस हजारांच्या आसपास लोक निघाले. अमेरिकी भूमीवर पाय टेकला तर राहू देण्याची जी सवलत त्यानंतर चालू होती, ती जानेवारी २०१७ मध्ये संपली. आजच्या अमेरिकेतील क्यूबनांपैकी निम्म्याहून अधिक जण क्यूबात जन्मलेले आहेत, म्हणजे 'क्यूबन सरासरी' ही १९६१ च्या डॉक्टरचा नातू आणि काल आलेला गवंडी यांची बेरीज भागिले दोन आहे.

पोर्तो रिकनांच्या बाबतीतही असेच आहे. फ्लोरिडात, विशेषतः ऑर्लँडो आणि किसिमीच्या परिसरात, दहा लाखांहून अधिक पोर्तो रिकन राहतात. त्यांतल्या अनेकांची स्थिती ईशान्येतल्या जुन्या कारखानी गावांतल्या बांधवांपेक्षा बरी आहे. याउलट मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक या कागद गिरण्यांच्या गावात जवळपास निम्मी वस्ती पोर्तो रिकन आहे, आणि गिरण्या केव्हाच बंद झाल्या. नव्या स्थलांतराचे कारणही बेटावरच आहे: तेथील औषध कारखान्यांना मिळणारी करसवलत १९९६ च्या कायद्याने दहा वर्षांत संपवण्यात आली, २००६ पासून बेट मंदीत गेले, कर्जाचा डोंगर झाला, २०१६ मध्ये वॉशिंग्टनने बेटाच्या पैशांवर देखरेख मंडळ बसवले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने उरलेसुरले मोडले. या लाटेत पदवीधर आणि परिचारिकाही होत्या.

सहाव्या शनिवारी समारोपाऐवजी परीक्षा होती आणि तीबद्दल बोलण्यासारखे काही नाही. मात्र एक मुद्दा त्या दिवशी निसटता येऊन गेला, ज्याला अख्खा शनिवार द्यायला हवा होता. अमेरिकेच्या जनगणनेत हिस्पॅनिक मूळ हे उत्तर देणारा स्वतः सांगतो, आणि सर्वांना हा प्रश्न १९८० पासून विचारला जातो. ज्या कुटुंबांची भरभराट होते, त्यांची मुले बाहेर लग्ने करतात, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीतले काही जण ते मूळ सांगणे सोडून देतात. म्हणजे यशस्वी माणसे तक्त्यातून हळूच बाहेर पडतात आणि मागे राहिलेल्यांची सरासरी सगळ्या समाजाच्या नावे चढते. माझे एक दूरचे काका १९४० च्या दशकात डिचोलीहून मुंबईला गेले. त्यांची नातवंडे आज स्वतःला मुंबईकर म्हणवतात आणि देवीच्या जत्रेलाही येत नाहीत. 'गोव्याबाहेरच्या गोवेकरांची स्थिती' अशी पाहणी उद्या कोणी केली तर ती कुटुंबे त्यात कोठून सापडणार? मी हा प्रश्न विचारायला हात वर केला तेव्हा उत्तरपत्रिका गोळा करणे सुरू झाले होते.

अभ्यासक्रम घ्यावा का, असे मला दोघातिघांनी विचारले आहे. पहिले दोन, चौथा आणि पाचवा शनिवार यांसाठी जरूर घ्यावा. तिसऱ्या शनिवारी स्वतःचा कागद-पेन्सिल नेऊन वयाचा हिशेब मनाशी करत बसावे. ज्यांना आकड्यांची मुळीच सवय नाही त्यांनी दोघांत एक संगणक या व्यवस्थेत आपल्या जोडीला आकडेमोडीत मुरलेला माणूस येईल असे पाहावे, आणि ज्यांना इंग्रजी टिपणे जड जातात त्यांनी नावनोंदणीपूर्वी भाषांतराविषयी स्पष्ट विचारावे, कारण जाहिरातीत ते लिहिलेले नाही. पुढची तुकडी चतुर्थीनंतर सुरू होणार आहे. वातानुकूलन यंत्र पहिल्या रांगेच्या नेमके डोक्यावर आहे. प्रमाणपत्राचे २०० रुपये वेगळे आहेत. मी ते घेतले नाही, पण महागाईचा हिशेब न केलेला तो तक्ता लाल पेनाने दुरुस्त करून कार्यालयात देऊन आलो आहे.